भोकं बुजवू नका: संत सेबॅस्टियनच्या मूर्तीतले बाण कुठे, किती आणि कसे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात चार पिढ्यांपासून एक लाकडी मूर्ती आहे, उंची साधारण दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर. कमरेला वस्त्र गुंडाळलेला तरुण, एक हात डोक्याच्या वर, दुसरा पाठीमागे, नजर आकाशाकडे. अंगावर बरीच भोकं, पण बाण एकही नाही. घरचे म्हणतात हा संत सेबॅस्टियन, एक नातेवाईक म्हणतात हा आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया. सुतार म्हणतो, भोकं लांबीने (म्हणजे पुटीने) बुजवून वरून ऑइल पेंट मारून देतो, २० जानेवारीच्या सणाला मूर्ती नवीकोरी दिसेल. मूर्ती नक्की कोणाची, बाण किती लावायचे आणि रंग द्यायचा का, असं तुम्ही विचारलंय.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या भोकांतच आहेत. म्हणून सगळ्यात आधी सुताराला थांबवा. लांबी एकदा भरली की ती काढताना भोकाची मूळ कड तुटते, आणि ती कड हाच तुमच्याकडचा सगळ्यात भरवशाचा पुरावा आहे. मूर्ती हातात न घेता मी लिहितोय, त्यामुळे काही गोष्टी तुम्हाला स्वतः तपासून ठरवाव्या लागतील. कशावरून ठरवायचं तेवढं मी सांगतो.

आधी ओळख. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत आणखी २५ जणांबरोबर क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. त्यांना दाखवताना अंगात फ्रान्सिस्कन झगा, कमरेला गाठी मारलेली दोरी, जवळ क्रूस आणि भाले असतात. नागासाकीत भाले दोन्ही कुशींतून वर खांद्यांच्या दिशेने खुपसले होते, म्हणून भाले दाखवले तर जोडीने आणि तिरपे, दोन्ही बाजूंना सारखे येतात. तुमची मूर्ती उघड्या अंगाची आहे, भोकं विखुरलेली आहेत, हात वेगवेगळ्या उंचीवर बांधलेले आहेत. हे गोन्सालोंचं रूप नाही.

दुसरी शक्यता, खांबाला बांधून फटके मारलेला ख्रिस्त. त्याच्या डोक्यावर बहुधा काट्यांचा मुकुट, नजर खाली आणि पाठीवर चाबकाचे वळ असतात. मूर्तीची पाठ बघा. वळ नसतील, डोक्याभोवती काट्यांची खाच नसेल, तर हीही शक्यता संपली. संत रोकशी गल्लत होऊ नये, कारण तो पूर्ण कपड्यांत, यात्रेकरूच्या वेशात असतो, मांडीवरचा फोड दाखवतो आणि पायाशी कुत्रा असतो. पण रोकचं नाव लक्षात ठेवा. दोघेही साथीच्या रोगात धावा करायचे संत, त्यामुळे वेदीवर ते अनेकदा जोडीने असतात. तुमच्या घरी तेवढ्याच उंचीची रोकची मूर्ती कधी होती का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून बघा.

राहिला सेबॅस्टियन, आणि तुम्ही केलेलं वर्णन त्याच्याशी जुळतं. पायाशी शिरस्त्राण किंवा चिलखत कोरलेलं असेल तर शंकाच नको, कारण तो रोमन सैनिक होता. त्याला बहुधा झाडाला बांधलेला दाखवतात, पण मागे झाड नसेल तरी काळजी करू नका. झाड पुष्कळदा वेगळं कोरून बैठकीत खुंटीने बसवलेलं असे आणि मूर्तीच्या आधी तेच मोडे. बैठकीच्या मागच्या भागात बोटाएवढं चौकोनी किंवा गोल भोक आहे का बघा. ते झाडाच्या खुंटीचं. डोक्याच्या मागे बारीक भोक असेल तर ते तेजोवलयाचं. ही दोन भोकं बाणांच्या हिशेबात धरू नका.

आता बाण किती, या प्रश्नाकडे येताना थोडी कथा सांगावी लागेल, कारण कारागिराने बाण कुठे मारला हे कथेवरून कळतं. डायोक्लेशन बादशहाच्या काळात, तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, सेबॅस्टियनला बांधून बाण मारले आणि मेला समजून सोडून दिलं. कास्तुलुस नावाच्या हुतात्म्याची विधवा इरेने प्रेत न्यायला आली तर तो जिवंत! तिने त्याची शुश्रूषा केली. बरा झाल्यावर तो पुन्हा बादशहासमोर उभा राहिला आणि मग त्याला सोट्यांनी मारून टाकलं. म्हणजे बाणांनी तो मेलाच नाही. मूर्तीतला चेहरा शांत, डोळे उघडे आणि वर लागलेले असतात, त्याचं कारण हे. नवीन रंग देणारे नेमके इथेच चुकतात. डोळे अर्धे मिटवतात, ओठ निळसर करतात आणि बाणांतून वाचलेल्या माणसाचं प्रेत करून टाकतात.

सुरुवातीच्या चित्रांत तर बाणच नव्हते. रावेन्नाच्या सांत आपोलिनारे नुओवो चर्चमधल्या सहाव्या शतकातल्या मोझेइकमध्ये, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रात, तो इतर हुतात्म्यांच्या रांगेत पांढऱ्या झग्यात, हातात मुकुट घेऊन चाललाय. रोमच्या सान पिएत्रो इन विंकोली चर्चमध्ये सातव्या शतकातलं मोझेइक आहे, त्यात तो दाढीवाला, वयस्कर, दरबारी पोशाखातला आहे. तरुण, उघड्या अंगाचा, झाडाला बांधलेला सेबॅस्टियन पुढच्या काळातला. १३४७ नंतरच्या मोठ्या प्लेगने युरोप उद्ध्वस्त केला आणि या संताची गरज घराघरांत वाटू लागली. रोगराई म्हणजे वरून येणारे बाण ही कल्पना फार जुनी आहे. इलियड या ग्रीक महाकाव्यात अपोलो देव बाण मारूनच छावणीत साथ पसरवतो, आणि बायबलच्या ९१ व्या स्तोत्रात दिवसा सुटणारा बाण आणि काळोखातली मरी शेजारीशेजारी येतात. बाण अंगावर झेलूनही जिवंत राहिलेला माणूस म्हणजे साथीपासून राखणारा, असा तो भाव. सान जिमिन्यानोमध्ये बेनोत्सो गोत्सोलीने १४६४ मध्ये, प्लेगच्या तडाख्यात, काढलेलं भित्तिचित्र या दृष्टीने बघण्यासारखं आहे. तिथे सेबॅस्टियन पूर्ण कपड्यांत उभा आहे, त्याच्या पसरलेल्या झग्याखाली गावकरी आहेत आणि वरून येणारे बाण त्या झग्यापाशी मोडून पडतायत.

बाणांची संख्या धर्माने ठरवून दिलेली नाही. मध्ययुगीन कथेत म्हटलंय की तो साळिंदरासारखा दिसू लागला, आणि फ्लोरेन्सच्या जोव्हान्नी देल बिओंदोने चौदाव्या शतकात खरोखर तसाच काढला. अंगभर बाण, मोजताही येऊ नयेत असे. पुढे पंधराव्या शतकात शरीररचना दाखवण्याची हौस वाढली तसे बाण कमी होत गेले, कारण दाट बाणांत शरीर झाकलं जातं. मूर्तीत तर बाण आणखी कमी. प्रत्येक भोकाने लाकूड दुबळं होतं आणि बाहेर आलेली प्रत्येक काडी मोडते. दीड फुटी मूर्तीत तीन ते सहा खरे बाण असतील असं धरून चाला. तुम्ही ‘बरीच भोकं’ म्हणताय, त्यातली निम्म्याहून जास्त बाणांची नसण्याची शक्यता मोठी आहे.

मग खरी भोकं वेगळी कशी काढायची? भिंग (दहा पट असेल तर उत्तम), टॉर्च आणि झाडूची एक मऊ काडी घ्या. सुई किंवा तार घेऊ नका, ती स्वतःच नवीन भोक पाडते. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च मूर्तीच्या बाजूने, जवळजवळ अंगाला टेकवून धरा. प्रकाश आडवा पडला की उंचसखलपणा लगेच दिसतो.

कारागिराने पाडलेल्या भोकाची कड मऊ, आत वळलेली असते. कारण भोक आधी पाडलं, मग खडू आणि सरसाचं पांढरं अस्तर दिलं, मग कातडीचा रंग चढवला. अस्तर आणि रंग दोन्ही थोडे भोकात उतरलेले दिसतात. नंतर कोणी खिळा ठोकून पाडलेल्या भोकाची कड मात्र रंगाचे थर चिरत गेलेली, कपच्या उडालेली असते आणि आत कोरं लाकूड दिसतं. तिसरा प्रकार किडीचा. ही भोकं साधारण एक-दोन मिलिमीटरची, यंत्राने पाडल्यासारखी गोल, आणि कुठेही असतात, पावलावर, वस्त्राच्या घडीत, बैठकीच्या खाली. बाण मारायला कोणी बैठकीवर नेम धरत नाही! किडीची भोकं बहुधा एका पट्ट्यात दाटलेली सापडतात. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, सालीकडच्या फिकट लाकडाला लागते, आणि मूर्तीच्या ओंडक्यात तो फिकट भाग एका बाजूलाच आलेला असतो.

आता काडी अलगद आत सोडा. बाणाचं भोक सरळ जातं आणि या उंचीच्या मूर्तीत पाच ते आठ मिलिमीटरवर तळ लागतो. किडीचा बोगदा लगेच वळतो. काडी सुरुवातीलाच अडली आणि आत गडद ठिपका दिसला, तर तो मोडलेल्या बाणाचा बुंधा असू शकतो. तो ओढून काढू नका. जागेवरचा मूळ तुकडा मिळणं हे भाग्य समजा, त्यावरून लाकूड, जाडी आणि रंग तिन्ही कळतं.

शेवटची खूण रक्ताची. खऱ्या भोकाखाली लाल ओघळ रंगवलेला असतो, एखाद दोन मिलिमीटर रुंद, टोकाला थेंब. वरून नंतरचा रंग चढला असेल तरी आडव्या प्रकाशात त्या ओघळाची उंचवट्याची रेघ दिसते. आणि हा ओघळ आणखी एक गोष्ट सांगतो. रक्त सरळ खाली वाहतं. मूर्ती सपाट टेबलावर ठेवल्यावर सगळेच ओघळ एका बाजूला तिरपे जात असतील, तर बैठक कधीतरी कापली गेलीय किंवा झिजलीय आणि मूर्ती मुळात जशी उभी होती तशी आता नाही. असं असेल तर बाणांच्या आधी बैठकीखाली पातळ लाकडी पाचर ठेवून ओघळ सरळ येतील इतकं उचला. चेहऱ्याची नजरही तेव्हाच जागेवर येते.

खरी भोकं ठरली की प्रत्येकात बांबूची एक बारीक काडी नुसती टेकवा आणि पाच-सहा फुटांवरून बघा. काड्या कुठून येताना दिसतात? युरोपातल्या मोठ्या चित्रांत हा विचार पक्का असतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या पोल्लायुओलो बंधूंच्या १४७५ च्या चित्रात संत उंच झाडावर आणि सहा तिरंदाज खाली आहेत, म्हणून बाण खालून वर जातात. मान्तेन्याच्या पॅरिसमधल्या चित्रात तिरंदाजांची डोकी आणि खांदे तेवढे खालच्या कोपऱ्यात दिसतात. गोवा आणि वसईकडच्या कारागिरांसमोर मात्र बहुतेक वेळा युरोपातून आलेलं छापील चित्र असे. सपाट चित्रावरून कोरलेल्या मूर्तीत बाण सगळे पुढून येतात आणि पाठ साधी सोडलेली असते. तेव्हा पाठीवर भोक सापडलं तर ते दोनदा तपासा. आणि काडी जो कोन घेईल तोच मूळ कोन. छान दिसावं म्हणून भोक मोठं करून कोन बदलू नका.

बाण बनवणं अवघड नाही, पण लांबी चुकते. खरा बाण ७० सेंटिमीटरच्या आसपास असतो, माणूस १७० चा. त्या प्रमाणात ४५ सेंटिमीटरच्या मूर्तीला १९ सेंटिमीटरचा बाण यायला हवा. तो लावून बघितलात तर मूर्ती दिसेनाशी होते, आणि धूळ पुसताना कापड अडकलं की एवढ्या लांब काडीची तरफ होऊन भोकाची कड उचकटते. म्हणून कारागीर बाण आखूड ठेवत. तुम्ही सहा ते आठ सेंटिमीटर ठेवा. मूर्तीच्या कोपरापासून मनगटापर्यंतचं अंतर मोजलं तर अंदाज बरोबर येतो.

भोक अडीच मिलिमीटरचं असेल तर काडी दोन मिलिमीटरची घ्या. सुकलेल्या बांबूची, तासून पॉलिश पेपरने गोल केलेली. आत जाणारं टोक शेवटच्या सहा-सात मिलिमीटरवर किंचित निमुळतं करा. उरलेली सैल जागा भरायला टोकाला पातळ हातकागदाची एक-दोन वेढ्यांची पट्टी गुंडाळा आणि त्यावर मधमाशीच्या मेणाचा कण चोळा. बाण बोटाने अलगद दाबून बसला पाहिजे आणि अलगद ओढून निघाला पाहिजे. गोंद अजिबात नको. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद लाकडात मुरतो आणि नंतर पूर्ण निघत नाही. इपॉक्सी तर लाकडापेक्षा कडक होतं, त्यामुळे धक्का बसला की बाण मोडण्याऐवजी छातीचा टवका निघतो. मोडायचंच असेल तर बाणाने मोडावं, मूर्तीने नाही.

एक चूक इतक्यांदा दिसते की वेगळी सांगतो. बाणाचं पातं बाहेर आणि पिसं आत! पातं शरीरात घुसलेलं असतं, बाहेर दिसतात ती पिसं. पिसं तीन, काडीच्या बाहेरच्या टोकाला, पंधरा मिलिमीटर लांब, जाड हातकागदाची कापलेली पुरतात. पातं फक्त तेव्हा दाखवायचं जेव्हा बाण दंडातून किंवा मांडीतून आरपार गेलाय आणि समोरासमोर दोन भोकं आहेत.

धातूचे बाण हवे असतील तर चांदीचे चालतात. श्रीमंत घरांत आणि चर्चमध्ये ते करून घेतलेही जात. फक्त वजन बघा, आत जाणारा भाग बांबूचाच ठेवा आणि चांदी काळी पडली तर बाण काढून बाजूला पुसा, मूर्तीत असताना नाही. पितळ टाळा, जुन्या तेलकट रंगाला लागून ते हिरवं कीट सोडतं. लोखंडी तार तर नकोच. कोकणच्या दमट हवेत ती गंजते, गंजून फुगते, लाकूड आतून फाटतं आणि भोकाभोवती तपकिरी डाग कायमचा राहतो.

काढता-घालता येणारे बाण म्हणजे काही तडजोड नव्हे. बाण ही या संताच्या भक्तीत स्वतंत्र वस्तू आहे. केरळात सेबॅस्टियनच्या सणाला अंबू पेरुन्नाळ, म्हणजे बाणांचा सण म्हणतात आणि बाण मिरवणुकीने घरोघरी नेतात. तुमचे मूळ बाणही कदाचित असेच कोणी कधी काढून जपून ठेवले असतील. वेदीचे खण, प्रार्थनेच्या पुस्तकांची पेटी, जुन्या मेणबत्त्यांचा डबा एकदा नीट शोधा.

आता रंग. माझं स्पष्ट मत आहे, नवीन रंग देऊ नका. याला अपवाद एकच, मूळ रंग जवळजवळ शिल्लकच नसेल, आणि हे ठरवायला उडालेल्या पोपड्याची कड भिंगातून बघा. लाकूड, त्यावर पांढरं अस्तर, त्यावर कातडीचा रंग, एवढेच थर असतील तर तुमच्यासमोर मूळ काम आहे. त्यावर चकचकीत, जाड, एकसारखा थर दिसला तर कोणीतरी आधीच ऑइल पेंट मारलाय. खाली मूळ रंग बहुधा जिवंत असतो, पण तो उघडा करणं घरचं काम नाही. रंगाचा प्रत्येक जादा थर पापण्यांची धार, नखं, ओठांची कड भरून काढतो. दोन थरांनंतर चेहरा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होतो.

घरी करता येण्यासारखं एवढंच आहे. बकरीच्या केसांच्या मऊ ब्रशने कोरडी धूळ वरून खाली झटका, तेही पोपडे सुटत नसतील तरच. ओलं फडकं नको, कारण सरसाचं अस्तर पाण्याने फुगतं आणि रंग वर उचलतो. खोबरेल तेल चोळायची सवय असेल तर थांबवा, त्यावर मेणबत्तीची काजळी बसून काळा चिकट थर होतो. पोपडे हलत असतील तर ब्रशही लावू नका आणि लाकडी कलाकृतींचं काम करणाऱ्या संवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे. आणि तुलनेसाठी बघायचं तर गोरेगावचं आर्चडायोसिसन हेरिटेज म्युझियम आणि जुन्या गोव्यातलं ख्रिश्चन कला संग्रहालय, दोन्हीकडे या भागातल्या जुन्या ख्रिस्ती मूर्ती आहेत.

कीड अजून जिवंत आहे का, हे मात्र आजच बघायला घ्या. मूर्तीखाली काळा कागद पसरा आणि तीन आठवडे हलवू नका. कागदावर फिकट, ताजं पीठ पडलं तर कीड चालू आहे. रॉकेल, डिझेल किंवा वाळवीचं औषध ओतू नका, रंग मऊ पडून कायमचा काळवंडतो. मूर्ती लगेच घरातल्या इतर लाकडापासून वेगळी ठेवा. संवर्धक ती हवाबंद पिशवीत ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्यांसह तीन-चार आठवडे ठेवतात, त्यात कीड आणि अंडी दोन्ही मरतात आणि रंगाला काही होत नाही.

सणाला वेळ कमी असेल तर यंदा मूर्ती बाणांशिवायच वेदीवर ठेवा. बाण तयार होतील तेव्हा प्रत्येकाच्या मागच्या टोकाला पेन्सिलने आकडा घाला, मूर्तीच्या फोटोवर तेच आकडे भोकांपाशी लिहा आणि दोन्ही एका लाकडी डबीत ठेवा. फोटोच्या मागे बाण कोणत्या वर्षी आणि कशाचे केले तेही लिहा, म्हणजे घरातल्या पुढच्या माणसाला जुनं कोणतं आणि नवं कोणतं हे शोधत बसावं लागणार नाही. मिरवणुकीत मूर्ती उचलायची असेल तर बाण आधी काढून त्याच डबीत ठेवा आणि मूर्ती वेदीवर परतल्यावर लावा.